उठवणारे आणि निजवणारे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वमन-विरेचनासारख्या उपचारांसाठी घर कसे सिद्ध करावे हे सांगणारा 'उपकल्पनीय' नावाचा अध्याय आहे, आणि त्या घरात कोणकोणती माणसे हाताशी असावीत हे सांगताना ग्रंथकाराने भात-वरण शिजवणारा, न्हाऊ घालणारा, अंग चेपणारा व औषधे कुटणारा यांच्याबरोबर 'उत्थापक' आणि 'संवेशक' अशी दोन माणसे वेगळी नोंदवली आहेत. उत्थापक म्हणजे रोग्याला उठवून बसवणारा आणि संवेशक म्हणजे त्याला निजवणारा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवणे आणि पुन्हा नीट निजवणे ही दोन स्वतंत्र कौशल्ये आहेत, त्यांसाठी स्वतंत्र नावाची माणसे लागतात, हे इतक्या जुन्या काळी कोणाच्या तरी ध्यानात आले होते, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण एवढेच की पुढच्या काळात या कामाचे नावही पुसले गेले आणि ते कोणालाही जमणारे, म्हणून कोणालाही सांगण्याजोगे, काम ठरले. ते पुन्हा शिकवण्याची गोष्ट कसे झाले, याचा इतिहास मुख्यत्वे इंग्लंड आणि अमेरिकेत घडला, आणि तो वैद्यकाच्या इतिहासापेक्षा दारिद्र्याच्या आणि मजुरीच्या इतिहासाशी अधिक जवळचा आहे.

येथे दीर्घकालीन शुश्रूषा म्हणजे वार्धक्य, पक्षाघात, स्मृतिभ्रंश अशा कारणांनी ज्यांना रोजच्या व्यवहारात दुसऱ्याच्या हातांची गरज लागते, अशांची महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे घेतलेली काळजी. अमेरिकेत ती जेथे घेतली जाते त्या संस्थेला 'नर्सिंग होम' म्हणतात, आणि या शब्दापाशी मराठी वाचकाने थोडे थांबायला हवे, कारण आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे एखाद्या डॉक्टरचे दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय, जेथून माणूस टाके निघाले की घरी जातो. अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये मात्र माणूस राहायला जातो आणि पुष्कळदा तेथेच त्याचा शेवट होतो. तेथे त्याला न्हाऊ घालणारी, भरवणारी, कूस पालटवणारी व्यक्ती नोंदणीकृत परिचारिका नसते, तर तिच्या हाताखालची 'नर्सिंग असिस्टंट', म्हणजे साहाय्यक असते, आणि अंगाला हात लावून करायच्या कामाचा बहुतांश भाग तिच्याच वाट्याला येतो.

इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीब कायद्याने निराधारांना 'वर्कहाउस'मध्ये, म्हणजे कामाच्या मोबदल्यात आसरा देणाऱ्या सरकारी कोठीत, दाखल करण्याची पद्धत घट्ट केली, आणि धडधाकट आळशांना धाक बसावा म्हणून उभारलेल्या या वास्तू पाहता पाहता म्हाताऱ्या, लुळ्या-पांगळ्या आणि जुनाट रोग्यांनी भरून गेल्या. त्यांची सेवा कोणी करायची, तर त्याच कोठीतील त्यातल्या त्यात हिंडत्या-फिरत्या बायकांनी, ज्यांना मजुरी म्हणून थोडे अधिक अन्न किंवा दारूचा घोट मिळे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १८६५ मध्ये लंडनच्या वर्कहाउसांतील दवाखान्यांची चौकशी आरंभली आणि तेथील हाल लोकांपुढे आले. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल वर्कहाउसमध्ये विल्यम रॅथबोन या दानशूर व्यापाऱ्याच्या पैशावर आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पाठिंब्यावर ॲग्नेस जोन्स बारा शिक्षित परिचारिका घेऊन दाखल झाल्या. हजाराहून अधिक रोग्यांच्या त्या पसाऱ्यात तीन वर्षे झिजून १८६८ मध्ये त्या टायफसने गेल्या. कोठीतील गरिबांनाच परिचारिका म्हणून राबवण्यावर सरकारी आदेशाने बंदी यायला १८९७ साल उजाडावे लागले.

नाइटिंगेल यांचे १८५९ मधील 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक परिचारिकांसाठी लिहिलेले नव्हते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. घरोघरी कोणाच्या ना कोणाच्या आजारपणाचा भार ज्यांच्यावर पडतो अशा सामान्य स्त्रियांसाठी ते होते, आणि रोग्याला थंडी वाजणे, खाल्ल्यावर मळमळणे, पाठीला जखमा होणे यांचा दोष बहुधा रोगाकडे नसून शुश्रूषेकडे असतो, हे त्यातील प्रतिपादन त्या काळाच्या मानाने धारदार होते. त्या विधानात साहाय्यकाच्या कामाची प्रतिष्ठाही आहे आणि त्याच्यावर ठपका ठेवण्याची सोयही. पुढील शंभर वर्षांत सोयीचाच वापर अधिक झाला.

याचे कारण शिक्षित परिचारिकेचा पेशा जसजसा वर चढत गेला, तसतशी ही खालची कामे तिच्या हातून सुटत गेली. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने परिचारिकांची नोंदवही आली. साहाय्यक परिचारिकांसाठी वेगळी यादी यायला १९४३ उजाडले, तेही युद्धात माणसे अपुरी पडली म्हणून. अमेरिकेत १९४१ मध्ये रेडक्रॉस आणि नागरी संरक्षण कार्यालय यांनी मिळून स्वयंसेवी साहाय्यिकांचे पथक उभारले आणि त्यांच्यासाठी ८० तासांचा अभ्यासक्रम ठरवला: खाट आवरणे, अंग पुसणे, भरवणे, नाडी आणि ताप पाहणे. घरच्या बायका, कारकुनी करणाऱ्या मुली यांनी फावल्या वेळात, विनावेतन करायच्या कामासाठी हे ८० तास होते. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा.

शय्याव्रण, ज्याला रुग्णालयात सगळे 'बेडसोर' म्हणतात आणि घरी 'पाठ सोलली' असे म्हणतात, तो होतो कसा हे कळायला मात्र युद्धाचीच आणखी एक बाजू कारणी लागली. हाड आणि गादी यांच्या कात्रीत सापडलेल्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही, आणि तो भाग आतून मरू लागतो. वरची कातडी फुटते तेव्हा आतले नुकसान होऊन चुकलेले असते. मणक्याला गोळी लागून कमरेखाली लुळे झालेले सैनिक पहिल्या महायुद्धात बहुतेक याच जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने मेले. जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ लुडविग गुटमान यांच्याकडे १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अशा सैनिकांचा विभाग सोपवला गेला, तेव्हा त्यांनी मलम-पट्टीपेक्षा एका साध्या नियमावर भर दिला: प्रत्येक रोग्याची कूस दर दोन तासांनी पालटायची, दिवसा आणि रात्रीही. हे काम करणारे होते विभागातील मदतनीस, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वॉर्डबॉय. पॅरालिंपिक क्रीडास्पर्धांचे मूळ जेथे सांगितले जाते ते हेच रुग्णालय. पण त्या खेळाडूंना जिवंत ठेवणाऱ्या रात्रपाळीच्या हातांची नोंद कोणत्याही पदकतक्त्यात नाही.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत हेच सिद्ध करण्याचे श्रेय डोरीन नॉर्टन या परिचारिकेचे. तोवर रुग्णालयांची रीत अशी होती की पाठीला स्पिरिट चोळायचे, पावडर लावायची आणि लाल झालेली जागा रक्त खेळावे म्हणून जोराने घासायची; ही रीत भारतीय रुग्णालयांतही पोचली आणि जुन्या हातांना अजून आठवते. नॉर्टन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोग्याची शारीरिक अवस्था, मनाची अवस्था, हिंडणे-फिरणे, अंग हलवण्याची शक्ती आणि मलमूत्रावरील ताबा अशा पाच बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण देऊन, २० पैकी १४ किंवा कमी गुण पडणाऱ्याला जखमेचा धोका अधिक असे मोजण्याची पट्टी तयार केली. आणि लावण्या-चोळण्यापेक्षा वेळेवर कूस पालटण्याचाच उपयोग होतो हे दाखवले. लाल जागा घासल्याने आतल्या ऊतींची हानीच होते, हेही नंतर स्पष्ट झाले. पुढे अमेरिका आणि कॅनडातील नर्सिंग होममध्ये ९४२ रहिवाशांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चांगल्या प्रतीच्या दाट फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी कूस पालटण्यात लक्षणीय फरक आढळला नाही, तेव्हा 'दोन तास' हा नियमही अपौरुषेय नव्हता हे दिसून आले. पण गादी चांगली नसेल तेथे त्या चाचणीचा आधार घेता येत नाही, हे सांगायला हवे.

कूस पालटणे म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय त्याला कौशल्य का म्हणायचे ते कळत नाही. साहाय्यक प्रथम काय करणार ते रोग्याला सांगतो, पडदा ओढतो, खाट स्वतःच्या कमरेइतकी वर घेतो; रोगी उजव्या कुशीवर यायचा असेल तर आधी त्याला खाटेच्या डाव्या कडेकडे सरकवावे लागते, नाही तर वळल्यावर तो कठड्याला जाऊन टेकतो. सरकवताना अंग ओढायचे नाही. खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घातलेली चादर दोघांनी दोन बाजूंनी मुठीत गुंडाळून उचलायची, कारण ओढल्याने कातडी जागेवर राहते, आतले हाड सरकते आणि मधला थर फाटतो. मग पलीकडचा हात छातीवर, पलीकडचा गुडघा वाकवलेला, एक तळवा खांद्यामागे आणि दुसरा कमरेच्या हाडामागे ठेवून सावकाश आपल्याकडे वळवायचे. पाठीमागे उशी अशी लावायची की अंग पूर्ण आडवे न होता तिरपे टेकेल, म्हणजे सगळा भार मांडीच्या हाडावर येत नाही. गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाच गादीवरून अधांतरी, खाली दबलेला खांदा हलकेच पुढे काढलेला, कान दुमडलेला नाही ना हे पाहिलेले, चादरीची आणि खालच्या मॅकिंटॉशची, म्हणजे रबरी कापडाची, एकही चुणी शिल्लक नाही. शेवटी माकडहाडाजवळची जागा पाहायची, लाल दिसली तर बोटाने दाबायची. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर त्याच क्षणी परिचारिकेला कळवायचे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेथे आजूबाजूपेक्षा जागा गरम वा टणक लागते का हे हातालाच कळावे लागते. खाट पुन्हा खाली करून घंटेचे बटण रोग्याच्या हाताशी ठेवले की चार-पाच मिनिटांचे हे काम संपते, आणि दोन तासांनी पुन्हा सुरू होते.

दरम्यान म्हाताऱ्याला खाटेवर ठेवणे हीच मुळात सेवा आहे का, असा प्रश्न डॉक्टरांच्या गोटातून आला. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ मध्ये शेजारचे वर्कहाउस आले आणि त्यातील ७०० हून अधिक जुनाट रोग्यांची जबाबदारी मार्जोरी वॉरेन या शल्यचिकित्सक बाईंवर पडली. वर्षानुवर्षे पडून असलेल्यांना त्यांनी वर्गवारी करून, उठवून, चालवून पाहिले आणि कित्येकांना घरी पाठवले. वार्धक्यवैद्यक या शाखेचा आरंभ येथून मानतात. रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणात पडून राहण्याचे धोके सांगणारा तिरकस लेख लिहिला. संवेशकाइतकाच उत्थापकही हवा, असाच या सगळ्याचा अर्थ होता.

अमेरिकेत सिडनी काट्झ या डॉक्टरांनी क्लीव्हलँडच्या बेंजामिन रोज रुग्णालयात, मुख्यतः खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांकडे पाहून, १९६३ मध्ये सहा क्रियांची पट्टी मांडली: आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे. त्यांचे निरीक्षण असे की या क्रिया साधारण याच क्रमाने माणसाच्या हातून सुटतात, आंघोळ आधी आणि घास तोंडात घालणे सर्वांत शेवटी, आणि बरे होताना त्या उलट क्रमाने परत येतात, लहान मूल शिकते तशा. 'पुन्हा मूल झाला' हे म्हाताऱ्यांविषयीचे घरगुती बोलणे येथे कोष्टकात उतरले असे म्हणता येईल; मात्र काट्झ यांचा हेतू दया दाखवण्याचा नसून कोणाला किती मदत लागते हे मोजण्याचा होता. ज्याला घास उचलता येतो त्याला भरवू नये, ज्याला एक बाही घालता येते त्याला ती घालू द्यावी, पक्षाघात झालेला हात बाहीत आधी घालावा आणि कपडे काढताना शेवटी सोडवावा, हे साहाय्यकाचे धडे त्याच दृष्टीतून आले आहेत.

तोवर हे काम करण्याची जागा मात्र भलत्याच वाटेने तयार झाली होती. अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निर्धन वृद्धांना पैसे देऊ केले, पण सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्याला ते मिळणार नाहीत अशी अट घातली; हेतू गरीबखाने बंद पाडण्याचा होता, परिणाम असा झाला की म्हातारे खासगी खाणावळवजा घरांत गेले आणि त्यातून नर्सिंग होमचा धंदा उभा राहिला. मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजनांचा पैसा १९६५ नंतर त्यात आला, घरे वाढली, आणि हेळसांडीच्या कहाण्याही वाढल्या. आवाक्यात राहावेत म्हणून रहिवाशांना खुर्चीला वा खाटेला बांधून ठेवणे इतके सर्रास होते की ऐंशीच्या दशकात सुमारे ४० टक्के लोक बांधलेल्या स्थितीत आढळत. अखेर राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या वैद्यक संस्थेने नेमलेल्या समितीने १९८६ मध्ये अहवाल दिला. तिचे अध्यक्ष तेच सिडनी काट्झ होते. त्यावर आधारलेला कायदा २२ डिसेंबर १९८७ रोजी झाला आणि त्यात पहिल्यांदा संघीय पातळीवर ठरले की नर्सिंग असिस्टंटला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण हवे, त्यांपैकी १६ तास प्रत्यक्ष देखरेखीखालच्या सरावाचे, नोकरी लागल्यापासून चार महिन्यांत परीक्षा, राज्याच्या नोंदवहीत नाव, आणि दरवर्षी १२ तासांची उजळणी.

त्या तरतुदीतील एक बारकावा विशेष बोलका आहे. रहिवाशाच्या अंगाला हात लावण्याआधी किमान १६ तास संवाद, संसर्गप्रतिबंध, सुरक्षितता, स्वावलंबनाला उत्तेजन आणि रहिवाशाचे हक्क या विषयांचे शिक्षण झालेच पाहिजे, म्हणजे आधी बोलणे-ऐकणे आणि मग स्पर्श. 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. सेवा हा अर्थ त्यावर नंतर चढला. अमेरिकेतील कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण क्रम तोच लागला. बांधून ठेवण्याचे प्रमाण पुढील दोन दशकांत पाच टक्क्यांच्या खाली आले, आणि तेवढ्यासाठी तरी हा कायदा यशस्वी म्हटला पाहिजे.

महाराष्ट्रात या इतिहासाचा धागा वेगळ्या ठिकाणी जुळतो. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयात स्त्रियांना, त्यांत अनेक विधवांना, परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हा अडचण अभ्यासाची नव्हती, परक्या माणसाच्या मलमूत्राला हात लावण्याची होती, कारण ते काम जातीने वाटून दिलेले होते. परिचारिकेला पुढे मान मिळाला; भांडे देणारी, अंग पुसणारी आया मात्र जेथे होती तेथेच राहिली. आज मुंबई-पुण्यात मुले परदेशी असलेल्या घरांत 'ब्युरो'कडून बारा तासांच्या किंवा चोवीस तासांच्या बोलीवर ज्या मावशी येतात, त्यांच्यातील पुष्कळजणी हे काम एखाद्या जुन्या मावशीच्या हाताखाली पाहून शिकलेल्या असतात. त्यांच्यापैकी कित्येकींच्या हाताला वर वर्णिलेले सगळे कळते, फक्त त्याची परीक्षा झालेली नसते आणि म्हणून त्याचा दर ठरत नाही.

दर ठरवण्याचा प्रश्न अमेरिकेतही सुटलेला नाही. वैद्यक संस्थेने २००८ मध्ये ७५ तासांऐवजी १२० तास करण्याची शिफारस केली. साहाय्यकाने प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान २.४५ तास द्यावेत असा संघीय नियम २०२४ मध्ये निघाला, आणि टेक्सासमधील न्यायालयाने तो एप्रिल २०२५ मध्ये रद्द ठरवला. काही राज्यांनी स्वतःहून तास वाढवले आहेत, मेनने १८०, कॅलिफोर्नियाने १६०. त्याच कॅलिफोर्नियात नखे कापून रंगवण्याचा परवाना हवा असेल तर ४०० तास शिकावे लागते. संघीय कायद्यातील आकडा १९८७ पासून ७५ आहे, युद्धकाळातील बिनपगारी बायकांच्या अभ्यासक्रमापेक्षा पाच तासांनी कमी.